सोळा निळ्या जर्सी

ऑर्डरच्या वहीत ७ जुलैच्या पानावर अण्णांच्या अक्षरात एक नोंद आहे. 'निळा, डॉट-निट, १६ नग, मुलींच्या मापाचे. नंबर धरून. नावाचे वेगळे.' खाली ॲडव्हान्स दोन हजार, आणि त्याखाली गिऱ्हाइकाचं वर्णन, ही अण्णांची जुनी खोड: 'मास्तर बरा वाटतो. घासाघीस केली नाही.'

इंदूरला जर्सी छापायचं माझं दुकान आहे. दुकान म्हणजे बारा बाय अठराची खोली, तीत एक हीट प्रेस, एक सब्लिमेशनचा प्रिंटर, एक कटिंग प्लॉटर आणि कोपऱ्यात अण्णांचं शिवणयंत्र. अण्णा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. मिल बंद पडली तेव्हा ते चव्वेचाळीसचे होते. पुढची सगळी वर्षं शाळांचे गणवेश शिवून त्यांनी घर चालवलं. आता यंत्रावर फारसे बसत नाहीत, पण वही काही सोडत नाहीत. मी मोबाईलमध्ये हिशोब ठेवतो ते त्यांना हवेत लिहिल्यासारखं वाटतं.

वही मागे चाळली की कुठल्या वर्षी लोक कशानं वेडे झाले होते ते कळतं. डिसेंबर २०२२ ची पाच पानं नुसती मेस्सी, दहा नंबर. पांढऱ्या-आकाशी पट्ट्यांचं कापड संपलं होतं आणि मी लोकांना साध्या पांढऱ्यावर पट्टे छापून देत होतो. एरवी कोहली अठरा, धोनी सात, हे बारमाही, पोह्यांवरच्या शेवेसारखं. भारतीय फुटबॉलच्या नावानं वहीत एकच माणूस आहे, सुनील छेत्री, अकरा नंबर. जून २०२४ मध्ये तो निवृत्त झाला त्या आठवड्यात सात जर्सी गेल्या. पुढच्या मार्चमध्ये तो परत आला तेव्हा एकही नाही. आणि भारतीय मुलींच्या फुटबॉल संघाच्या नावानं ७ जुलै २०२५ पर्यंत वहीत काही म्हणजे काही नव्हतं.

आता त्याआधीचा शनिवार. ५ जुलै. दुसऱ्या दिवशी आषाढी, म्हणून हिनं साबुदाणा भिजत घातला होता आणि अण्णा पहाटे पंढरीनाथाच्या देवळात जायचं म्हणून लवकर जेवायला बसले होते. माझी भाची आमच्याकडेच राहून कॉलेज करते. तिनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि चिआंग माईहून थायलंडविरुद्धचा सामना लावला होता. मी म्हटलं, जेवताना कशाला? तर म्हणाली, "मामा, आज जिंकलो तर आशिया कप. नाहीतर घरी."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं पोळीचा तुकडा हातात धरून समजावलं. पुढच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात महिलांचा आशिया कप आहे, बारा संघांचा. यजमान ऑस्ट्रेलिया, आणि मागच्या वेळचे पहिले तीन, चीन, दक्षिण कोरिया आणि जपान, हे चौघे थेट. उरलेल्या आठ जागांसाठी आठ गट, आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला. दुसऱ्या नंबराला काही नाही. आपल्या गटात आपण मंगोलियाला तेरा गोल घातले, तिमोर-लेस्तेला चार, इराकला पाच. एकही खाल्ला नाही. बेरीज बावीस.

"मग झालं की."

"थायलंडचे पण बावीस, मामा. त्यांनीही एकही खाल्ला नाही."

हे ऐकून अण्णांनी जेवण थांबवलं. हिशोबाचा माणूस. दोन दुकानांची गल्ल्यातली रक्कम पैशापर्यंत सारखी निघावी तसं ते होतं. शिवाय सामना त्यांच्या घरी, आणि जागतिक क्रमवारीत ते शेहेचाळिसावे तर आपण सत्तरावे. मी मनातल्या मनात ताट आवरायला घेतलं होतं.

अर्धा तास व्हायच्या आत संगीता बासफोरनं लांबून गोल मारला. भाची ओरडली, तांब्या पडला, मोबाईल साबुदाण्यात जाता जाता वाचला. दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच थायलंडनं तो गोल फेडला आणि पुढची जवळजवळ पंचवीस मिनिटं आमच्या घरात कोणी जेवलं नाही, बोललंही नाही. मग ७४ व्या मिनिटाला कॉर्नरवर पुन्हा तीच, या वेळी डोक्यानं. २-१. नंतर थायलंडनं जे काय केलं ते मी पाहिलं नाही, कारण मोबाईल भाचीनं छातीशी धरला होता आणि आम्हाला फक्त आवाज येत होता.

सामना संपल्यावर अण्णांनी विचारलं, "ही मुलगी नोकरी कुठं करते?"

भाचीनं शोधून सांगितलं, बंगालमधल्या कल्याणीची आहे, सशस्त्र सीमा बलात आहे.

"म्हणजे सरकारी. मग बरं," म्हणाले आणि हात धुवायला उठले. मिलवाल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही.

पात्रता फेरी खेळून महिला संघ आशिया कपला जाण्याची ही पहिलीच वेळ, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी सोमवारी दुकान उघडलं तेव्हा मनात हेच घोळत होतं, आणि अकराच्या सुमारास ते मास्तर आले. एका सरकारी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना खेळवतात. वर्गणी काढून पैसे जमवले होते, नोटा सगळ्या पन्नास-शंभरच्या. त्यांना निळ्या जर्सी हव्या होत्या, "इंडिया वाला ब्लू, भिया, स्कूल वाला नहीं." निळ्यांमध्ये हा फरक असतो हे कळणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं.

जर्सी झाल्या. घ्यायला मास्तर आले नाहीत, अख्खा संघ आला. सोळा मुली, आणि प्रत्येकीला तिथल्या तिथे पाठीवर नाव हवं. तीस रुपये जास्तीचे, तेही घरून आणलेले. बाराजणींनी आपापलं नाव सांगितलं. उरलेल्या चौघींना एकच नाव हवं होतं. संगीता.

मास्तरांना फोन लावला. ते म्हणाले, एका संघात चार संगीता नको, पंचाला फेफरं येईल. शेवटी चौघींनी आपसात काय ठरवलं ते मला माहीत नाही, दुकानाबाहेरच्या ओट्यावर बराच वेळ कुजबुज चालली होती. मग त्यांतली सगळ्यांत उंच, डावखुरी मुलगी आत आली आणि बाकीच्या तिघींनी तोंड पाडून आपली नावं सांगितली.

मग नंबरची भानगड. तिला नाव तर हवंच, नंबरही तोच हवा. मी म्हटलं सोपं आहे, फोटो बघू. तर थायलंडच्या सामन्याचे जेवढे फोटो सापडले त्यांत ती समोरून, नाहीतर बाकीच्या दहाजणींच्या मिठीत. पाठ कुठेच नाही. मेस्सीची पाठ मी डोळे मिटून काढू शकतो. इथे भाची आणि मी मिळून पाऊण तास शोधत बसलो. सापडला अखेर. तो नंबर मी इथे लिहीत नाही. मी शोधला तसा तुम्हीही शोधा.

आणि अजून एक. ती म्हणाली, "अंकल, नाम हिंदी में लिखना. मम्मी को इंग्लिश नहीं आती."

आता धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, कारण पुढे ते कामाला येणार आहे. सब्लिमेशनमध्ये कागदावरचा रंग दोनशे अंशांच्या आसपास तापवला की वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरतो. तो पुन्हा बाहेर येत नाही, जर्सी फाटेल पण रंग जाणार नाही. मात्र ते पांढऱ्या कापडावर, शिवायच्या आधी करायचं काम. तयार निळ्या जर्सीवर नंतर नाव टाकायचं तर फिल्म कापून चिकटवावी लागते. तापमान, वेळ आणि दाब, तिन्ही बरोबर बसले तर ती वर्ष-दोन वर्षं टिकते. एकात कमी पडलात तर दुकानातून जाताना जर्सी छानच दिसते. तिसऱ्या धुण्याला कळतं.

देवनागरीची गंमत अशी की शिरोरेखेमुळे सगळं नाव एकसंध निघतं. इंग्रजीत सात अक्षरं सात जागी लावत बसावं लागतं, इथे एक पट्टी उचलली की झालं. फक्त अनुस्वार सुटा. 'संगीता'वरचं ते टिंब मी चिमट्यानं वेगळं उचलून ठेवलं, वर टेफ्लॉनचा कागद घातला आणि प्रेस खाली ओढला.

उन्हाळ्यात बंगळुरूला भारताच्या महिला संघाचं लांबलचक शिबिर झालं होतं, असं भाची सांगते. उझबेकिस्तानला बोलावून दोन सामने खेळले, त्याआधी फेब्रुवारीत अमिरातीला जाऊन तगड्या संघांकडून मार खाऊन आल्या. तेव्हा प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री, ओडिशाच्या संघाला लीग जिंकून दिलेला माणूस. तापमान, वेळ, दाब. मला तरी हे ओळखीचं वाटलं. पुरुषांच्या संघाचं मागच्या आशिया कपला, जानेवारी २०२४ मध्ये कतारला, काय झालं ते आठवून पाहा. जाण्याआधी शिबिराला मोजके दिवस मिळाले, तीन सामने हरले, गोल शून्य. पण लगेच मान डोलावू नका, कारण २०११ च्या वेळी बॉब हाउटन यांनी संघाला महिनोन्‌महिने एकत्र ठेवलं होतं, पोर्तुगाल, दुबई कुठे कुठे नेलं होतं, आणि तरी ऑस्ट्रेलियानं चार, बहारीननं पाच, कोरियानं चार घातलेच. प्रेस कितीही नीट ओढा, मुळात कापड हलकं असेल तर फिल्म काय करणार! मुलींचं कापड कसलं आहे ते मार्चमध्ये दिसेल.

दिवाळीच्या आधीचा आठवडा मात्र सांगायलाच हवा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण १९ तारखेला होळकर स्टेडियमवर महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना होता आणि अख्ख्या शहराला स्मृती मंधानाचा अठरा नंबर हवा होता. (कोहलीचे उरलेले अठरा मी तिथेच खपवले, फक्त नाव बदललं. धंदा आहे.) संध्याकाळी गोव्यात, फातोर्ड्याला, पुरुषांचा संघ सिंगापूरशी खेळत होता. छांगटेनं चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा मी रेडिओ लावल्यासारखा मोबाईल बाजूला ठेवून अठराचे आकडे कापत होतो. मग सिंगापूरनं दोन घातले. २०२७ चा आशिया कप गेला. दुकानात त्या वेळी नऊ-दहा माणसं होती, एकानंही मान वर केली नाही. मला वाईट हरल्याचं वाटलं नाही, त्या शांततेचं वाटलं. पूर्वी निदान शिव्या तरी देत होते.

तीन दिवसांनी, १७ तारखेला, बिश्केकला सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवलं आणि त्यांच्या आशिया कपला पात्र ठरल्या. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्या ठरल्याच होत्या. म्हणजे एका वर्षात मुलींचे तिन्ही संघ आत, आणि पुरुषांचा बाहेर. भाचीनं हे मला धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री दुकानाच्या शटरला टेकून सांगितलं, आणि मी तिला म्हणालो, शटर ओढायला मदत कर.

१९ तारखेला इंग्लंडकडून चार धावांनी हरलो. त्या रात्री राजवाड्यापर्यंत रस्त्यात निळ्या जर्सी घालून उतरल्या तोंडानं चाललेली माणसं मी पाहिली, पाचांतली एक तरी माझ्या प्रेसखालून गेलेली असावी. पुढे त्याच मुलींनी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि सोमवारी सकाळी शटर अर्ध्यावर असतानाच गिऱ्हाईक वाकून आत आलं.

भाची मात्र ते स्टेडियम पाहून गप्प झाली होती. डी. वाय. पाटील. बक्षीस समारंभ चालला होता, फटाके उडत होते, आणि ही म्हणते, "मामा, इथंच ती मॅच झाली नव्हती."

कुठली? जानेवारी २०२२. महिला फुटबॉलचा आशिया कप भारतातच होता, यजमान म्हणून आपण थेट आत. पहिला सामना इराणशी ०-०. दुसरा २३ तारखेला, चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी. त्याआधी संघात करोना घुसला आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना नाही, आणि स्पर्धेतूनच नाव काढलं. आपल्या घरच्या स्पर्धेत, आपल्याच मैदानावर, मैदानात न उतरता बाहेर. मला त्या महिन्यातलं एवढंच आठवतं की आम्ही मास्क छापत होतो.

आता गंमत पाहा. जुलैअखेर सिडनीत गट पडले. आपला गट जपान, व्हिएतनाम आणि पुन्हा तोच चायनीज तैपेई. आणि हे तैपेई जुनं आहे बरं का. आपल्या मुली एकदा आशियाच्या अंतिम सामन्यात, कोळिकोडला, यांच्याकडूनच २-० हरल्या होत्या, १९७९-८० च्या त्या स्पर्धेत. अण्णा तेव्हा मिलमध्ये रात्रपाळी करत होते आणि मी पाळण्यात होतो. महिला फुटबॉलमध्ये आपण आशियात दुसरे होतो, हे पंचेचाळीस वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. खेळाच्याच कपड्यांवर पोट भरतो मी.

जपान तर एके काळचा विश्वविजेता. त्याच्याशी काय होईल यावर मी पैसे लावणार नाही. पण बारा संघांतले आठ उपांत्यपूर्व फेरीत जाणार आहेत, तीन गटांतले पहिले दोन आणि चांगले दोन तिसरे. म्हणजे व्हिएतनाम किंवा तैपेई, एकाला तरी धरलं तर दार किलकिलं होतं. आणि तिथून पुढे २०२७ च्या ब्राझीलच्या विश्वचषकाची वाट जाते. एवढं बोलून भाची थांबते, कारण ऑक्टोबरअखेर शिलाँगला तयारीचे सामने झाले त्यात आपण इराणकडूनही हरलो आणि नेपाळकडूनही. नेपाळ तर आशिया कपला पात्रच ठरलेलं नाही. ती म्हणते, तयारीत हरलेलं बरं. मी काही बोलत नाही. तिसऱ्या धुण्याचं मी तिला सांगितलेलं नाही.

मास्तर मधूनमधून येतात. मुलींना ते नेहमी ज्योती चौहानचं सांगतात. आपल्या इथली, धार जिल्ह्यातल्या सरदारपूरची. २०२२ मध्ये क्रोएशियाला, दिनामो झाग्रेबला खेळायला गेली. सरदारपूरची बस मी हजार वेळा पाहिली असेल, तिच्यात बसून कोणी झाग्रेबला पोचेल असं तिच्याकडे पाहून वाटत नाही. मास्तर म्हणतात, बाहेरगावच्या दहा नावांपेक्षा या एका नावानं मुलींच्या आया लवकर तयार होतात.

गेल्या गुरुवारी ती उंच मुलगी एकटीच दुकानात आली. जर्सी पिशवीत, घडी घालून, इस्त्री केलेली. (फिल्मवरून इस्त्री फिरवू नका हे मी प्रत्येकाला सांगतो. कोणीही ऐकत नाही.) काउंटरवर पसरली. नंबर शाबूत, नाव शाबूत. अनुस्वार गायब. पाठीवर 'सगीता'.

"टीम में सब सगीता-सगीता बोल के चिढ़ाते हैं," म्हणाली.

चूक माझी होती. तेवढ्याशा टिंबावर प्रेसचा दाब नीट बसत नाही, ते वेगळं पुन्हा दाबावं लागतं. त्या दिवशी सोळा मुली दुकानात होत्या आणि मी घाई केली. नवीन टिंब कापायला प्लॉटर सुरू करत होतो, तेवढ्यात अण्णांनी हात पुढे केला. जर्सी घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि सुईत पांढरा दोरा ओवला. यंत्रावर नाही, हातानं. भरतकामाला घालतात तसे बारीक टाके एकाशेजारी एक घालत पंधराएक मिनिटं बसले. मुलगी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून टाके मोजत होती.

"मैच कब है इन लोगों का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"चार मार्च, दादाजी. वियतनाम से. पर्थ में."

"पर्थ कितना आगे है अपने से?"

हे तिला माहीत नव्हतं. मी मोबाईलवर पाहून सांगितलं, अडीच तास.

अण्णांनी दोरा दातानं तोडला, टिंबावरून अंगठा फिरवला आणि जर्सी तिच्या हातात दिली. ती पैसे काढायला लागली तर हातानंच नको म्हणाले. ती गेल्यावर वही ओढली. रात्री हिशोब करताना मी ते पान पाहिलं. 'निळी जर्सी, टिंब १, हातशिलाई. पैसे नाही.' आणि खाली, जिथे ते गिऱ्हाइकाचं वर्णन लिहितात तिथे: '४ मार्च. घड्याळ अडीच तास पुढे. दुकान उशिरा उघडणे.'